एका लॅपटॉपमधले आई-अप्पा

दुसऱ्या लॅपटॉपचा खर्च वाचणार आणि आई-अप्पा दोघंही घरी परत येणार, म्हणजे सौदा फायद्याचाच होता. एकट्या राहणाऱ्या सुनेत्राने नव्या लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग केले. दोघांनी मरण्याआधी नोंदवून ठेवलेली मनं तिने त्यांत भरली, एकात अप्पांचं, दुसऱ्यात आईचं. एका वेळी एकाच भागातली सिस्टीम चालते, हे तिला ठाऊक होतं. पण हयातीत तरी ती दोघं एकत्र बसली की भांडणाशिवाय काय करायची?

आधी अप्पा सुरू झाले. "तुझी आई कुठाय?"

"झोपलीय."

"या वेळेला? उठव तिला आणि सांग, त्या दिवशी आमटी खारटच होती. मी माघार घेतलेली नाही."

सुनेत्राने लॅपटॉप बंद करून आईला सुरू केलं.

"आधी त्यांनाच उठवलंस ना? वाटलंच! काय म्हणाले?"

"आमटी खारट होती म्हणाले."

आई खुलली. "मग दोनदा वाढून का घेतली, विचार त्यांना! कर मला बंद."

"आई, जरा माझ्याशी बोल ना."

"बोलू गं. आधी त्यांचं उत्तर आण."

रात्रीपर्यंत भांडण चांगलंच रंगलं. दुसऱ्या लॅपटॉपचे पैसे वाचले, म्हाताऱ्यांचा संसार पुन्हा मार्गी लागला. सुनेत्राच्या वाट्याला दर खेपेला लॅपटॉप बंद-चालू होतानाचा काळा पडदा आला. ती जेवली का, हे विचारायला दोघांपैकी कुणालाच सवड झाली नाही.