शोभेचं बटण

आमचा बावीस मजली टॉवर म्हणजे ग्लासगोतली गुंडांची वस्ती, असं पेपरवाले कायम छापत आले. तो सुरुंग लावून पाडायचं ठरलं आणि बटण दाबायचा मान सोडतीत टॉवरमधल्याच नेटा मॅकग्रोरी आजींना लागला. आजी चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि बटणापुढे खुर्ची टाकून बसल्या.

“दाबा ना, आजी!” नगरसेवक म्हणाला.

“इथली नवी घरं आधी आम्हालाच मिळणार, असं मोठ्याने बोल. मग दाबते.”

“ही दादागिरी झाली!”

“मग? वस्ती कोणाची आहे?”

तो त्यांच्या कानाशी वाकला. “अहो, हे बटण नुसतं शोभेचं आहे!”

“ठाऊक आहे, बाळा,” थर्मास उघडत आजी म्हणाल्या, “पण ते समोरचे कॅमेरे खरे आहेत ना?”