गोल कोपऱ्यांचा चौकोन

"उस्ताज, माझं नाव विसरलात ते विसरलात, जागा तरी धड सांगायची!" लुब्नाने परवाचं वर्तमानपत्र आपल्या गुरूंसमोर आपटलं. वेलदोड्याची कॉफी टेबलभर सांडली.

नायेफ यांनी शांतपणे टेबल पुसलं. "बस, पोरी."

"मी बसायला आलेली नाही."

तीन आठवड्यांपूर्वी हेलिकॉप्टरच्या उघड्या दारातून वाकलेली लुब्नाच आधी ओरडली होती. खाली ओसाड वाळवंटात, उतरत्या उन्हात, एक पुसट रेघ उमटली होती. मग दुसरी. गोल कोपऱ्यांचा लांबट चौकोन, चारही बाजूंना मधोमध दार. रोमन फौजेची छावणी! शेकडो वर्षं माणसं तिच्यावरून उंट हाकत गेली, पण जमिनीवरून ती कुणाला दिसलीच नाही. वैमानिकाने तीन घिरट्या घातल्या. "अकरा वर्षं शोधलं आपण," म्हणताना नायेफ यांचे डोळे भरून आले होते.

आपण! आणि परवा पहिल्या पानावर एकट्या नायेफ यांचा फोटो. लुब्नाचं नाव कुठेच नाही. आईने गावाहून, करकहून फोन केला, "म्हणजे तू नव्हतीसच का गं तिथे?"

"का केलंत असं?" लुब्नाचा आवाज चिरकला. "वडिलांच्या जागी मानलं होतं तुम्हाला."

नायेफ यांनी उठून दार लावून घेतलं. "मागच्या छावणीचं काय झालं होतं?"

"बातमी छापून आली आणि नवव्या दिवशी सोनं शोधणाऱ्यांनी तिच्यावर बुलडोझर घातला."

"या वेळी बातमीच्या आधीच पेट्रोलपंपावर चौकश्या सुरू झाल्या, हेलिकॉप्टर कुठे घिरट्या घालत होतं म्हणून. म्हटलं, आपणच जागा देऊन टाकू. चाळीस किलोमीटर दक्षिणेची. तिथे दगडगोट्यांशिवाय काही नाही. कालपासून खणतायत बिचारे."

लुब्ना मटकन खाली बसली.

"सोमवारी खऱ्या जागी पहारा बसेल. त्या दिवशी मी चूक कबूल करीन आणि शोध तुझ्या नावाने जाहीर होईल. खोटेपणाचा डाग एकट्या माझ्यावर राहावा, म्हणून तुझं नाव गाळलं."

"मला सांगायचं तरी!"

"तुला नाटक कुठे जमतं? नाव गाळलं म्हणून दोन दिवस सगळ्यांपुढे चिडलीस, तो संताप खरा होता, म्हणून तर सगळ्यांना पटलं." नायेफ हसले. "आता चार दिवस तेवढं तोंड बंद ठेव. कॉफी टाकू परत?"

नायेफ खोटारडे आहेत हे दाखवायला काल दुपारी लुब्नाने दुसऱ्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली होती. खऱ्या जागेचा नकाशा तिनेच काढून दिला होता, आणि आज सकाळी तो पहिल्या पानावर छापून आला होता.