टिपणीस सरांची दाद

मुलांनो, समजा, डिंकाचा थेंब चिमटीत धरून तुम्ही बोटं हळूच लांब केलीत. मध्ये एक तार येते ना? आता तीच तार केसाहूनही कितीतरी बारीक आहे, अशी कल्पना करा.

मिहिकाची आत्या प्रयोगशाळेत तसलीच तार ओढत होती. डिंकासारख्या पॉलिमरमध्ये तिनं कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या कालवल्या होत्या, म्हणून थेंब काजळासारखा काळा दिसे. सुईच्या टोकानं ती तो एका चिमुकल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत ओढायची. तार अधांतरी वाळून तिच्यातून वीज गेली की यंत्रावरचा हिरवा दिवा लागणार होता. मग दोघी नावेत बसायला जाणार होत्या.

पण तार जमली रे जमली की तुटायची.

"तुझ्या आत्याचा हात थरथरतो गं," शेजारी वाकून बघणारे आत्याचे टिपणीस सर म्हणाले.

"थरथरत नाही हं, सर!" आत्या वैतागली. "मिहू, शेवटचा थेंब उरलाय. हा गेला की नाव पुढच्या रविवारी."

मिहिका मात्र मघापासून सरांकडेच बघत होती. तार जमली की ते आनंदानं "वाऽऽ!" म्हणायचे आणि त्या फुंकरीनं ती तुटायची. ती गुपचूप त्यांच्याजवळच्या स्टुलावर चढली.

आत्यानं थेंब ओढला. तार टिकली. सरांनी तोंड उघडलं, तोच मिहिकानं त्यावर तळहात दाबला. तार वाळली. हिरवा दिवा लागला!

आत्याचे डोळे चमकले. "वा..."

मिहिकानं दुसरा हात पुढे केला.