पिवळा दिवा

"दिवा का लागलाय तेवढं सांग. गाडीची कुंडली नको मांडूस!" अजमल फुरकानवर खेकसला.

महाडच्या नाक्यावरचं हे गॅरेज नऊला उघडायचं. आज सहालाच शटर बडवून त्याने फुरकानला उठवलं होतं. पोलादपूरचं घर मागे टाकून दोन किलोमीटर होत नाहीत तोच इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी आचके देऊ लागली. दुपारी दोनला मुंबईहून कुवेतचं विमान. ते चुकलं की नोकरी गेली. तिथल्या मालकाने फोनवर तसं स्वच्छ सांगितलं होतं.

फुरकानने प्लग काढले, पुसले, बसवले. दिवा ढिम्म.

"अर्धा तास द्या, भाई."

"मघाशीपण अर्धाच तास म्हणालास!"

धाकटा भाऊ साकिब चहा घेऊन आला, तर वड्याचं तेल वांग्यावर निघालं. "चहा कसला पाजतोस? जीप आणायला पाठवला होता ना तुला?"

"लग्नसराई हाय, भाई. नाक्यावर एक गाडी रिकामी नाय. मुंबईची एस्टीपण भरून गेली."

अजमलने उजवा दंड खाजवला. बाहीखाली इमाम जामीन होता. निघताना नुरजहाँने हिरव्या कापडाची पुरचुंडी करून तो दंडाला बांधला होता. माणूस सुखरूप पोचला की आतलं नाणं गरिबाला द्यायचं, अशी रीत. पण गाठ अशी आवळली होती की सकाळपासून नुसती टोचत होती.

नुरजहाँ बाकावर बसली होती, मांडीवर चार वर्षांची सुम्बुल. गॅरेज तिच्या वडिलांचं. फुरकान त्यांच्याच हाताखाली तयार झाला, आणि ती इथल्या नटबोल्टांशी खेळत मोठी झाली. आज मात्र ती गाडीकडे बघतसुद्धा नव्हती. नवऱ्याची नोकरी बुडतेय आणि बाईच्या तोंडात शब्द नाही! अजमलला तिचाही राग आला.

तशी ती एकदा बोलली होती. "इथंच काय धंदा केला तर?" "इथं काय ठेवलंय?" म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं. तीन वर्षांनी घरी आलेल्या बापाला सुम्बुल पहिले आठ दिवस 'मामू' म्हणत होती. ती गंमत तो गावभर सांगत सुटला होता.

दहा वाजले तेव्हा कुठे फुरकान ओरडला, "सापडलं! सेन्सरचा फ्यूजच नाय."

"उडाला?"

"उडाला असता तर जाग्यावर असता, भाई. कोणीतरी काढलाय."

त्याने डब्यातून दुसरा फ्यूज घेतला. नखाएवढा, लाल, दोन पायांचा. तो बसवला, चावी फिरवली. दिवा विझला.

अजमलने घड्याळ पाहिलं. इथून मुंबई पाच तास. संपलं होतं सगळं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"काल गाडी कोणाकडं होती?"

"माझ्याकडं," साकिब म्हणाला. "धुवायला नेलती."

"आणि महिनाभर कोण माझ्या मागं लागलंतं, माझापण व्हिसा काढ म्हणून? मी नाय म्हटलं ते झोंबलं तुला!"

"भाई, कुराणावर हात ठेवून सांगतो..."

अजमलने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. भर नाक्यावर, चार माणसांदेखत.

"त्याला नका मारू!" नुरजहाँ ताडकन उठली. "त्यानं काय नाय केलं!"

"तुला काय ठाऊक गो?"

ती खाली बसली.

साकिबने खिशातली दुसरी चावी काढून बॉनेटवर ठेवली. "आजपासून तुझ्या दारात पाय ठेवणार नाय मी."

"नको ठेवूस! तू मेलास मला!"

साकिब एस्टी स्टँडच्या दिशेने चालू लागला. एकदाही वळला नाही.

तेवढ्यात दारात एक म्हातारा फकीर येऊन हात पसरून उभा राहिला. अजमल कडवट हसला. "ये बाबा, वेळेवर आलास. सफर तर मोडली, तूच घे हे." त्याने बाही वर सारली.

"इथं नको," नुरजहाँ घाईने म्हणाली. "घरी सोडू या ना. ऐका माझं."

आज कोणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत तो नव्हता. दातांनी गाठ तोडून त्याने हिरवं कापड फकिराच्या हातावर झटकलं.

हातावर पडला तो फ्यूज. नखाएवढा, लाल, दोन पायांचा.