म्हातारीच्या गाडीतला रेडिओ

“सादिकभाय, यल्ला. और कितना टाइम?” गजेंद्रने पुन्हा विचारलं.

मस्कतमधल्या वादी कबीरच्या एका गॅरेजमध्ये सादिक लँडक्रूझरच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला होता. छपरावर लोहचुंबकाची अँटेना चिकटवून झाली होती आणि वायर दाराच्या रबराखालून आत घेतली होती. गाडी जुनी, तिच्यात नुसता कॅसेट प्लेअर. तेव्हा सॅटेलाइट रेडिओचा आवाज वायर जोडलेल्या एका रिकाम्या कॅसेटमधून त्यात सोडायचा होता.

“बुढिया नई गाडी क्यों नहीं लेती?” सादिक आतून कुरकुरला.

“अपने को क्या,” गजेंद्र म्हणाला आणि पुन्हा मोबाईलकडे बघू लागला.

म्हातारी म्हणजे मालकाची, अर्बाब मुनीरची आई. तिची गाडी चालवणं ही गजेंद्रची नोकरी. दर गुरुवारी तिला मस्कतहून सूरला, तिच्या माहेरी न्यायचं. तिचा बाप गलबतांवरचा व्यापारी, लहानपणी तिलाही सफरीवर बरोबर न्यायचा. सूरहून खजूर जायचा, परत येताना सागवान यायचं; कुठून, ते गजेंद्रने कधी विचारलं नव्हतं. डोंगर लागले की एफएम बंद पडायचा, म्हणून म्हातारीने मुलाच्या मागे लकडा लावून हा रेडिओ मागवला होता. म्हातारपणी माणसाला डोहाळे लागतात, दुसरं काय.

खऱ्या डोहाळ्यांचे दिवस सरून नववा महिना लागला होता तो मैनाला, गजेंद्रच्या बायकोला, तिकडे देवगडजवळच्या गावात. आधीची दोन पोटातच गेली होती. या खेपेलाही बीपी वर होतं. गजेंद्रचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुट्टी मागितली की अर्बाब म्हणायचा, इन्शाल्ला. आणि पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात.

रेडिओ लागला, गुरुवार उजाडला. मागच्या सीटवरून म्हातारी बोटाने खुणा करू लागली, बदल, बदल. कुराणपठण तिने भक्तीने ऐकलं. अरबी बातम्या बदलायला लावल्या, हिंदी गाणीही बदलायला लावली. मग एक बाई मराठीत भरल्या वांग्यांची कृती सांगू लागली.

“खल्ली,” म्हातारी म्हणाली. राहू दे.

गजेंद्र मनातल्या मनात हसला. बाईचा आवाज गोड वाटला असेल. म्हातारीला वांगं काय नि कारलं काय. आपल्याला मराठी ऐकायला मिळतंय ना, मग कशाला बोला.

डोंगर सुरू झाले आणि मैनाचा फोन आला. फोन वाजला की म्हातारी हाताने खूण करून रेडिओ बारीक करायला लावायची. एवढी रीतभात तिच्यात होती, हे मात्र कबूल करायला हवं. गजेंद्रने गाडी बाजूला घेतली आणि स्पीकर लावला.

“पाय सुजलेत अजून?”

“सुजलेत. डॉक्टर म्हणतत, आठवड्यात कधीव होयत. माका भीती वाटता.”

“मी येतंय.”

“सुट्टी मेळली?”

“मेळात. बाबांकच मारूचा लागतला.”

“अभद्र बोलू नकात. ते आताच माडार चढलेत.”

“खराच नाय गो. अर्बाबाक सांगतंय, बापूस गेलो. मौतीक कोण नाय म्हणता?”

बोलता बोलता त्याने आरशात पाहिलं. म्हातारी डोळे मिटून जपमाळेचे मणी ओढत होती. भिंतीला कान असतात, पण ओमानच्या भिंतीला मराठी कुठलं कळायला. या गाडीत बसून त्याने आजवर अर्बाबची, त्याच्या भावांची, खुद्द म्हातारीचीही यथेच्छ निंदा केली होती. कुणाला पत्ता नाही.

शनिवारी सकाळी तो अर्बाबसमोर मान खाली घालून उभा राहिला. रडायचं ठरवलं होतं, पण नेमकं पाणीच येईना.

अर्बाबने शांतपणे ऐकून घेतलं. “अल्लाह रहम करे,” तो हिंदीत म्हणाला. “पिछले साल यूनुस का बाप भी ऐसेही मरा. एक महिने बाद उसी बाप का फोन आया.” मग त्याने चहाचा घोट घेतला. “डेथ सर्टिफिकेट का फॅक्स मंगाव. फिर देखेंगे.”

जिवंत माणसाचं सर्टिफिकेट कुठून आणायचं? तिकडे मैना एकटी, आणि हा फॅक्स मागतोय.

तेवढ्यात आतून म्हातारी आली. मुलाने तिला अरबीत सगळं सांगितलं. तिने गजेंद्रकडे बराच वेळ पाहिलं. मग गादीवर बसली, ओढणी डोळ्यांना लावली आणि चक्क हुंदके देऊ लागली. रडता रडता मुलाला झापायला लागली. गजेंद्रला त्यातलं जेमतेम कळलं, की बाप माणसाला एकच असतो, आणि याचा पासपोर्ट आत्ता दे.

अर्बाब उठून कपाट उघडायला गेला. आईपुढे त्याचं काही चालत नसे.

पासपोर्ट हातात आला तेव्हा गजेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला आपण उठता बसता नावं ठेवली, ती बाई आपल्या खोट्या सुतकासाठी खरे अश्रू गाळत होती. देव हे पाप पोराच्या अंगावर न घालो, एवढंच तो घोकत राहिला.

दुपारी अर्बाबनेच त्याला विमानतळावर सोडलं. म्हातारीने हट्टाने बरोबर यायचं ठरवलं होतं. वाटभर तोच मराठी चॅनल चालू होता आणि गजेंद्रची मान वर होत नव्हती.

अर्बाब मागच्या बाजूला बॅग काढायला गेला. म्हातारीने काच खाली करून गजेंद्रला जवळ बोलावलं.

“शुक्रन, उम्मी,” तिला आई म्हणत त्याने कसेबसे आभार मानले.

तिने खिडकीतून हात काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

“बायल सुखरूप सुटली काय फोन कर,” ती हळूच म्हणाली. “आणि बापाशीक माझो सलाम सांग.”