गादीवाल्याची लेक

"आणि आता मी या खिळ्यांवर झोपणार आहे!" ती म्हणाली, आणि सभागृहात एकच गलका झाला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

नववीतली ही पोर म्हणजे गादीवाल्याची लेक. शाळेत तिला सगळे 'उशी' म्हणायचे. आणि तिनं प्रदर्शनासाठी काय निवडावं? तर खिळ्यांची फळी! मागच्या फळ्यावर तिनं हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

"माझं सगळं वजन एकाच खिळ्यावर आलं तर तो घुसेलच," ती घाईघाईनं सांगत होती. उत्साहाच्या भरात शब्द एकमेकांच्या पायात येत होते. "पण तेच वजन हजारभर खिळ्यांनी वाटून घेतलं, तर एकेकाच्या वाट्याला येणार किती? चिमूटभर! म्हणून खिळे जितके जास्त आणि दाट, तितकं टोचणं कमी!"

समोर परीक्षक पेन उघडून बसले होते. पुढच्या फेरीला अख्ख्या शाळेतून एकच प्रयोग जाणार होता. तो आपला असावा, म्हणून पोरीनं जिवाचं रान केलं होतं. सगळ्यांत अवघड गेलं होतं ते बाबांना पटवणं. "लोकांना मऊ झोपवण्यात माझा जन्म गेला, आणि माझीच पोर खिळ्यांवर?" असं म्हणत ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. शेवटी कसेबसे तयार झाले. आज फळी स्वतःच्या खांद्यावरून त्यांनीच आणली, तीही आपल्या दुकानातली चादर घालून, नीट झाकून.

तिनं झोकात चादर ओढली आणि ती वाकून बघतच राहिली.

खिळे गेले कुठे? एक ओळ सोडून एक ओळ साफ गायब. उरलेल्या ओळींतही एकाआड एक खिळा नाही. तिथं नुसती भोकं. पाण्याच्या पंपाचा प्रयोग करणाऱ्या मुलींचंच हे काम, असं तिच्या मनात आलं. तिनं रागानं त्यांच्याकडे पाहिलंही. तेवढ्यात चादर गोळा करायच्या निमित्तानं बाबा मंचावर आले आणि तिच्या कानाशी लागले.

"कसं काय?" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "काल दुकान बंद ठेवून एकेक उपटलाय. गादीत गाठ लागली की आपण काय करतो? काढून टाकतो. आता नाही टोचणार माझ्या बाळाला."

त्यांच्या तळहातावर फोड आले होते.

पडद्याआड विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी फळी पाहिली आणि त्यांचा रंगच उडाला. हातानं त्या जोरजोरात 'नको, नको' करत होत्या. तिनं बाईंकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. बाबा खाली जाऊन उभे राहिले होते आणि मान हलवून 'झोप, झोप' म्हणत होते, जणू रोजच्यासारखं अंथरूणच घालून दिलंय.

ती फळीच्या कडेला टेकली. दोन्ही हातांवर भार घेत हळूहळू मागे झुकली. पाठ टेकली, खांदे टेकले. मग तिनं हात सोडले आणि पोटावर ठेवले.

आणि पोर हसली! फोटोला हसावं तशी, सगळे दात दाखवून. वर एक हात उचलून बाबांना टाटाही केला. मग काय विचारता! पोरं बाकांवर चढली, मोठमोठ्यानं सेकंद मोजू लागली. ती उठून उभी राहिली आणि गर्रकन फिरून तिनं सगळ्यांना पाठ दाखवली. रक्ताचा एक ठिपका नाही! बाईंच्या जिवात जीव आला. बाबांनी तर शेजारच्या अनोळखी माणसाला कडकडून मिठीच मारली.

टाळ्या वाजवल्या नाहीत ते फक्त परीक्षकांनी. ते मंचावर आले, वाकले आणि रिकाम्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

"खिळे कुणी काढले?"

"बाबांनी, सर. मला टोचू नये म्हणून."

"खिळे एवढे कमी झाले, तर दाबाचं काय होतं?"

"वाढतो, सर. चौपट झाला असणार."

"मग तुझ्या सूत्राप्रमाणे आज तुला चांगलंच टोचायला हवं होतं. तू तर हसत होतीस!" त्यांनी फळ्यावरच्या अक्षरांकडे पेन रोखलं. "म्हणजे हे सूत्र तरी चुकलं, नाहीतर तुझा प्रयोग तरी. पुढच्या फेरीला मी काय पाठवू?"

तेवढ्यात बाबा फळी उचलायला येऊन पोचले. अगदी हातभर अंतरावर. "काय म्हणतायत साहेब? झाला ना प्रयोग झकास?" आनंदानं त्यांना काय करू नि काय नको असं झालं होतं.

ती टाचा उंचावून परीक्षकांच्या कानाशी गेली.

"सूत्र अगदी बरोबर आहे, सर. पण हळू बोला ना, बाबा ऐकतील."