भावंडांचा रकाना

"भावंडं?" हेलनने विचारलं.

"नाहीत." अस्मिताने तोंड उघडायच्या आत तिचे बाबा म्हणाले. "ही एकटीच."

हेलन वकील होती, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिलेल्या एका गव्हर्नरांची. जनमत पाहणीत ते तिसरे होते आणि पहिली प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक, सहा आठवड्यांवर आली होती. उपाध्यक्षपदाचा जोडीदार लोक उन्हाळ्यात निवडतात, उमेदवारी हातात आल्यावर. यांना येत्या शनिवारीच जाहीर करायचा होता, निदान आठवडाभर तरी टीव्हीवर त्यांचंच नाव राहावं म्हणून. यादीत दोन नावं उरली होती. त्यातलं एक अस्मिताचं. राज्याच्या सिनेटमधली तिची ही दुसरी टर्म.

चँडलर गावातल्या या घरात, बाबांच्या जेवणाच्या टेबलावर, हेलन सकाळपासून लॅपटॉप उघडून बसली होती. टॅक्स, आजारपणं, जुने बॉयफ्रेंड, कॉलेजात केलेली भाषणं, सगळं विचारून झालं होतं. टेबलाखाली अस्मिताचा पाय सारखा हलत होता. तो आता थांबला.

हेलनने काहीच टाइप केलं नाही. "सिनेटर, मला उत्तर तुमच्याकडून हवंय," ती म्हणाली.

हिला माहीत आहे, अस्मिताच्या लक्षात आलं.

"भाऊ आहे. धाकटा. वेद. टुसॉनला असतो, फरशांच्या गोदामात काम करतो. नऊ वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवत होता. एका सायकलस्वाराला उडवलं. तो माणूस गेला. वेद पाच वर्षं तुरुंगात होता."

बाबा उठून खिडकीशी गेले. त्यांनी, डॉक्टर सुमंतांनी, या नऊ वर्षांत घरात मुलाचं नाव घेतलं नव्हतं, कुणाला घेऊही दिलं नव्हतं.

"थँक यू," हेलन म्हणाली. "हे सांभाळता येईल. पत्रकारांशी बोलणार नाही, अशा कागदावर त्याने सही करायची. आणि शनिवारी स्टेजवर फक्त तुम्ही आणि डॉक्टर."

अस्मिताने तिथूनच वेदला फोन लावला, स्पीकरवर. दोन वाक्यांत त्याला सगळं सांगितलं.

"पाठव ना, ताई, आय विल साइन." त्याच्या मागे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. "शनिवारी तशीही माझी शिफ्ट आहे. यू शुड डू धिस. रिअली."

अस्मिताला हायसं वाटलं. अगदी खरं, मोकळं हायसं. दोन-तीन सेकंद तिला स्टेज दिसलं, झेंडे दिसले, माइकवरून आपलं नाव ऐकू आलं. मग तिची तिलाच शिसारी आली.

"नाही," ती हेलनला म्हणाली. "सही नको. शनिवारी तो येईल. तो नसेल तर मीही नाही."

"ताई, डोन्ट..."

"तू थांब. फोन ठेवू नकोस."

हेलन आपला फोन घेऊन काचेच्या दारातून मागच्या अंगणात गेली. अस्मिता सिंकपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून सिंकपर्यंत फेऱ्या मारत राहिली. अजून वेळ गेलेली नव्हती. दोनदा तिने काचेच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. बाबा खिडकीशी पाठमोरेच उभे होते.

हेलन आत आली. तिने उभ्यानेच लॅपटॉप मिटला.

"गव्हर्नरांना तुमच्याबद्दल फार आदर आहे," ती म्हणाली. "पण हे लोकांना समजावत बसायला त्यांच्याकडे वेळ नाही."

तिने दोघांशी हस्तांदोलन केलं आणि ती गेली. पुढचं दार लागल्याचा आवाज आला, मग गाडीचा.

अस्मिता खुर्चीत बसली. इतकं हाताशी आलेलं. तिला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते कळेना.

"ताई?" टेबलावरच्या फोनमधून वेद म्हणाला. "व्हॉट हॅपन्ड? कुणी आहे का तिथे?"

अस्मिताने फोनकडे हात केला, तोवर बाबा खिडकीपासून टेबलाशी आले होते. ते फोनवर वाकले.

"टुसॉनहून इथे यायला किती वेळ लागतो?"

पलीकडे फोर्कलिफ्टचा आवाज दूर गेला, एक दार लागलं.

"दीड तास, बाबा," वेद म्हणाला. "बट आय डोन्ट ड्राइव्ह. तेव्हापासून नाही."

बाबा सरळ झाले. त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे.

"अस्मिता," ते म्हणाले, "माझा लांबचा चष्मा कुठे आहे, बघ जरा."